ओरखडे दाखवणारा एन्लार्जर

दुकानदार तिला एन्लार्जर म्हणजे काय ते समजावून सांगत होता. वर दिवा, दिव्याखाली निगेटिव्ह, तिच्याखाली लेन्स आणि सगळ्यात खाली कागद. एकेक भाग बोटानं दाखवत, पोराला मुळाक्षरं शिकवावीत तशा सुरात त्याचं चाललं होतं. एकतीस वर्षं डार्करूममध्ये उभी राहून जिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या, ती बाई गुपचूप ऐकत होती. फोटो धुण्याच्या डेव्हलपरनं कायमची तपकिरी झालेली तिची नखं काउंटरवर त्याच्या नाकासमोर होती. पण बाईची नखं अशी दिसली की भांडी घासून झाली असणार, असं समजणाऱ्यांची या जगात काही कमी नाही.

"झालं सांगून?" तिनं विचारलं. "आता दिवा लावा. आत निगेटिव्ह काही घालू नका. नुसता उजेड पाडा खाली."

तो हसला. शेजारी उभ्या असलेल्या सेक्रेटरीकडे बघून हसला, कारण सेक्रेटरी पुरुष होता. दुकानदाराच्या हिशेबानं घेणारा तोच. खरं म्हणजे सेक्रेटरीला एन्लार्जरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो पंख्याच्या कारखान्यातला जुना फिटर, आता कामगारांच्या समितीचा सेक्रेटरी, आणि डोक्यानं असा तापट की बसायला खुर्ची दिली तरी आधी भांडेल आणि मग बसेल. आज मात्र तो गप्प होता. घरून निघतानाच मावशीनं बजावलं होतं, "तिथं तू तोंड उघडायचं नाहीस."

मावशी म्हणजे हीच. सगळी वस्ती तिला लालदिवा म्हणायची. मंत्र्याच्या गाडीवर असतो तो वेगळा, हिच्या डोक्यावर होता तो डार्करूमचा, आणि त्याच्या उजेडात सलाम कोणीच ठोकत नाही, असं तीच हसून सांगायची. गावातल्या सगळ्यात जुन्या स्टुडिओत ती फरशी पुसायला म्हणून लागली. मालक कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यात डोकं घालून बसायचा आणि आतली सगळी कामं हळूहळू हिच्या अंगावर पडत गेली. फिल्म धुणं, फोटो काढणं, टचिंग करणं. फोटोच्या पाठीवर शिक्का मालकाचा. शाळेत ती चौथीपर्यंतच गेली होती, पण निगेटिव्ह नुसती उजेडाकडे धरून कागदाला किती सेकंद द्यायचे ते सांगायची, आणि सहसा चुकायची नाही.

दुकानदारानं दिवा लावला. पाटावर पांढरा चौकोन पडला. मधे लख्ख, आणि चारी कोपऱ्यांत काळपट, धुराड्याखालच्या भिंतीसारखा.

"ही पन्नासची लेन्स आहे," ती म्हणाली. "बारक्या फिल्मची. माझी निगेटिव्ह मोठी, वन-ट्वेंटीची आहे. सहा बाय सहा. माझे कोपरे खाईल ही."

"अहो ताई, कोपरे कोण बघतं? माणसं मधे असतात."

त्यावर तिच्या डोक्यात जी तिडीक गेली ती सेक्रेटरीला तिच्या मानेवर दिसली. आवाज मात्र तिनं वर नेला नाही.

"पुरुष मधे असतात," ती म्हणाली. "आमच्या बायकांना कडेलाच उभं करतात. मला कोपरेच पाहिजेत."

दुकानदाराचं हसू मावळलं.

ती खरोखर कोपऱ्यांसाठीच आली होती. पंख्याच्या कारखान्यात धुलाई खातं म्हणून एक खोली होती. लोखंडाचे भाग एका हौदात बुडवून त्यांचं ग्रीस काढायचं. हौदात पाणी नव्हे, औषध. त्याच्या वासानं पहिल्या दिवशी डोकं गरगरायचं, दुसऱ्या महिन्यात वास येईनासा व्हायचा आणि दहाव्या वर्षी श्वास. त्या खोलीत बायकांना लावायला कायद्यानं बंदी होती, म्हणून सात बायकांची नावं हजेरीपटावर झाडूवाल्या म्हणून लावली आणि हात त्यांचे हौदात घातले. आता कामगारांच्या दवाखान्यानं त्या खात्यातल्या पुरुषांची छाती कामामुळे गेली असं मान्य केलं होतं. त्यांना औषध, ऑक्सिजन, खाट, सगळं. बायका गेल्या तर खिडकीतला माणूस म्हणे, तुम्ही त्या खात्यात नव्हतातच. सातांतल्या दोघी तेवढ्यात मरूनही गेल्या. उरलेल्या पाचांपैकी एक लालदिव्याची नणंद.

समितीनं तक्रार केल्यावर चौकशी लागली. अधिकाऱ्यासमोरच्या गेल्या सुनावणीत कंपनीच्या वकिलानं एक जाड पुस्तक टेबलावर उघडलं. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा छापलेलं. प्रत्येक खात्याचा फोटो. धुलाई खात्याच्या पानावर पाच पुरुष, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र भिंत. "यात बाई दाखवा," वकील म्हणाला. मागच्या बाकावर बसलेली लालदिवा उठून उभी राहिली आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "याची निगेटिव्ह माझ्याकडे आहे."

अधिकाऱ्यानं तिला बसायला सांगितलं. मग तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर आता कोणीही कोणालाही कुठेही उभं करतं. तसलं मला नको. निगेटिव्ह आणा, आणि तिच्यावरून सरळ कागदावर काढलेला मोठा फोटो आणा." पुढची तारीख दोन आठवड्यांनी. स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला होता, जुन्या निगेटिव्ह तिनं तेव्हाच घरी आणून ठेवल्या होत्या, पण तिथला एन्लार्जर केव्हाच भंगारात गेला होता. म्हणून ही दुकानाची पायरी.

दुकानदारानं आता दुसरं मशीन पुढे ओढलं. हे मोठं, राखाडी, जवळजवळ नवं, ऐंशीची लेन्स लावलेलं. दिवा लावला तर चौकोन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखा उजळ. सेक्रेटरीचा चेहरा पण उजळला. हेच ते, असं त्यानं डोळ्यांनीच सांगून टाकलं.

"आणि गंमत सांगू का," दुकानदार आता बायकांना साडी दाखवावी तशा उत्साहात आला होता, "याचा उजेड मऊ आहे. आत डिफ्यूजर आहे, पांढरी पेटी, उजेड सगळीकडून फिरून येतो. निगेटिव्हवर ओरखडे असू द्या, धूळ असू द्या, पेन्सिलीचं टचिंग असू द्या, काही म्हणजे काही दिसत नाही. सगळं लपतं."

लालदिव्यानं त्या मशीनवरचा हात काढून घेतला.

पेन्सिलीचं टचिंग तिचंच होतं. हे तिनं आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. सात बायका त्या निगेटिव्हवर होत्या, दोन्ही कडांना, गडद डगले घालून, आणि पुस्तक छापायच्या आधी कारखान्याच्या साहेबानं स्टुडिओच्या मालकाला बोलावून सांगितलं की या बायका काढून टाका. मालकानं निगेटिव्ह हिच्यापुढे ठेवली. करतेस की दुसरी बघू, एवढंच तो म्हणाला. नवरा तेव्हा घरी बसून होता. तिनं पेन्सिलीला टोक केलं. गडद डगल्यांच्या जागी फिल्म काचेसारखी स्वच्छ असते, तिथं आधी लाल रंग भरायचा, वर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा मारायच्या, म्हणजे कागदावर तिथं भिंतीचा पांढरा येतो. दोन दिवस लागले. मालक म्हणाला, तुझ्यासारखा हात कोणाचा नाही. आणि त्या वेळी तिला ते ऐकून बरं वाटलं होतं, याचा राग तिला अजून येत होता.

वकिलानं पुस्तक उघडलं तेव्हा तिला स्वतःचीच रेघ ओळखू आली. कंपनीचा पुरावा म्हणजे हिचंच काम.  निगेटिव्ह आहे एवढंच ती बोलली आणि खाली बसली. सेक्रेटरीनं निगेटिव्ह खिडकीकडे धरून बघितली होती. कडेला हे लाल डाग कसले, असं त्यानं विचारलं, तर जुनी फिल्म आहे म्हणून तिनं वेळ मारून नेली.

आता दोन रस्ते होते. टर्पेंटाईन आणि पाणी घेऊन घरी सगळं धुऊन टाकायचं, या मऊ मशीनवर गुळगुळीत फोटो काढायचा, सात जणी हजर, आणि लालदिवा कुठेच नाही. किती सोपं. पण मग वकील पुस्तक दाखवून विचारणार की त्यात नाहीत आणि यात आहेत, तर यांना आत्ता कोणी घातलं. याला उत्तर एकच होतं. ती रेघ. रेघ दिसायला पाहिजे होती.

"हे नको," ती म्हणाली.

सेक्रेटरीनं तोंड न उघडण्याचा शब्द तिथं मोडला. का नको, कोपरे तर आले ना, तारखेला दिवस किती उरलेत, असं तो धडाधड बोलायला लागला. तिनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती दुकानाच्या मागच्या बाजूला गेली. तिथं रंग उडालेलं एक लोखंडी धूड उभं होतं, दोन माणसांनी उचलावं असं, आणि त्याच्या डोक्यावर दुकानदारानं रिकामी खोकी रचली होती. तिनं खोकी खाली ठेवली, झाकण उघडलं आणि आत बघितलं. बशीएवढी दोन जाड भिंगं, पोट एकमेकांकडे करून बसलेली. धूळ होती, तडा नव्हता.

"हा घ्यायचा. याला त्याची ऐंशीची लेन्स लावून द्या."

"तो कॉन्डेन्सरवाला आहे," दुकानदार म्हणाला. "भंगार आहे ते. त्याचा उजेड सरळ सुईसारखा येतो. तुमच्या निगेटिव्हवर केस पडला असेल ना, तर दोरखंड दिसेल."

"म्हणूनच."

दुकानदारानं सेक्रेटरीकडे बघून कपाळाला बोट लावलं, की बाईचं काही खरं नाही. सेक्रेटरीला स्वतःलाही तसंच वाटत होतं, पण आपल्या माणसाला दुसऱ्यानं वेडं म्हटलेलं त्याला खपत नसे. "त्या लावून द्या म्हणतात तर लावून द्या," तो गुरकावला.

हातगाडीवर ते धूड बांधून दोघं निघाले, आणि वळणावर त्यानं गाडी थांबवली. आता सांग, म्हणाला. तिनं सांगितलं. भर रस्त्यात, एका हातानं एन्लार्जरचा खांब धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो ऐकत असताना आधी लाल झाला, मग पांढरा पडला. मग त्यानं गाडीच्या चाकाला लाथ घातली. कंपनीच्या नावानं तो वीस वर्षं शिव्या देत होता, आणि कंपनीचा हात आपल्याच गाडीवर हात ठेवून उभा होता. त्या दोघी मेल्या, तो म्हणाला, त्यांच्या मयतीला तू आली होतीस. रडली होतीस. तिनं मान हलवली. तिला त्याचं एकही वाक्य खोडायचं नव्हतं.

"तिला तू सांगतेस की मी सांगू?" त्यानं शेवटी विचारलं. तिला म्हणजे नणंदेला.

"मीच. पण कागदावर आल्यावर. नुसतं तोंडानं सांगितलं तर मी रडेन आणि ती मला पाणी आणून देईल. मला तसं नकोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला दोन घोंगड्या ठोकल्या, दाराच्या फटीत कापड कोंबलं, लाल दिवा लावून ओट्यावर तीन ट्रे मांडले. मोठ्या फोटोला खांब पुरेना, म्हणून एन्लार्जरचं डोकं टेबलाबाहेर वळवून उजेड जमिनीवर पाडला आणि मागचा पाट उचलला जाऊ नये म्हणून त्यावर पाटा-वरवंटा ठेवला. निगेटिव्ह दोन काचांत दाबली. कागद जमिनीवर चार खिळ्यांत बसवला. मग नणंदेला हाक मारली.

नणंद तोंडाला ओला रुमाल लावून आली. हायपोचा, फोटो पक्का करायच्या औषधाचा, वास तिला सोसत नसे. ती हिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, जिभेला हाड नसलेली, आणि एरवी दोघींचं अरेतुरेचंच. भांडण झालं की मात्र ही तिला 'वन्सं' म्हणायची. दाराशी स्टुलावर बसून ती म्हणाली, "एवढा मोठा लोखंडी नवरदेव आणलास घरात, आधीचा काय कमी होता?"

लालदिवा हसली नाही. तिनं उजेड दिला, सेकंद मोजले, कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलवत राहिली. आधी हौद आला. मग पाच पुरुष, कंबरेवर हात ठेवून. मग भिंत यायला लागली, आणि ती पुस्तकातल्यासारखी शुभ्र आली नाही. दोन्ही कडांना भिंतीवर रेघांची जाळी उमटली. हजारो रेघा, एकीला चिकटून दुसरी, आणि त्या जाळीला कडा होत्या. खांदे. डोकं. पुन्हा खांदे. एकूण सात. पांढऱ्या चिंध्यांची केलेली बुजगावणी उभी असावीत तशी.

नणंद स्टुलावरून उठून ट्रेवर वाकली. डावीकडचं शेवटचं बुजगावणं एका बाजूला कललं होतं. नणंदेचा डावा पाय लहानपणापासून आखूड होता.

"ही मी ना?"

"हो."

"मला हे कोणी केलं?"

"मी."

कागद काळा पडायला लागला होता. लालदिव्याचा हात सवयीनं चिमटा घ्यायला गेला.

"आधी बोल, मग काम कर," नणंद म्हणाली.

"काळा पडेल. मग तू पण जाशील त्यात."

तिनं कागद पाण्यातून काढून हायपोमध्ये टाकला आणि ट्रेच्या कडेवर दोन्ही हात ठेवून उभ्याउभ्या सगळं सांगितलं. साहेब, मालक, पेन्सिल. एवढ्यावर थांबता आलं असतं. ती थांबली नाही. "सुरुवात तुझ्यापासून केली," ती म्हणाली. "त्या आठवड्यात पाण्याच्या पिंपावरून आपलं वाजलं होतं. तू माझ्या आईवरून बोलली होतीस. मी म्हटलं, हिला आधी घालवते. बाकीच्या सहा जणींना करताना हात थरथरत होता. तुला करताना नाही थरथरला."

 नणंदेला खोकला आला, आणि तो आला की लवकर थांबत नसे. लालदिवा तिला बाहेर न्यायला पुढे झाली तर तिनं कोपरानं ढकललं. खोकून झाल्यावर भिंतीला टेकून ती बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिली.

"खिडकीतला तो माणूस," ती शेवटी म्हणाली, "मला म्हणाला होता, म्हातारे, तू स्वप्नात गेली असशील कारखान्यात. मी घरी येऊन हे तुला सांगितलं. तू चहा टाकलास."

"हो."

"साखर जास्त घातली होतीस."



संध्याकाळी उरलेल्या चौघी आल्या. नणंदेनंच बोलावल्या, सेक्रेटरीलाही. त्या खोलीत जे झालं ते लिहिण्यासारखं नाही आणि लालदिव्यानं ते खाली मान घालून घेतलं. एकीनं फोटो फाडायला हात घातला, सेक्रेटरीनं तो वर धरला. दुसरीनं हिच्या हाताची पेन्सिलवाली बोटं तोडायला पाहिजेत असं सांगितलं. सगळ्यांचं एक मात्र ठरलं, ते रंगरोगण आत्ताच्या आत्ता धुवायचं, आमची तोंडं आम्हाला परत पाहिजेत. लालदिव्यानं टर्पेंटाईनचा बोळा केला.

"माझं ठेव," नणंद म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"यांच्या सहा जणींचं काढ. माझं इथं नाही काढायचं. त्या वकिलाच्या टेबलावर काढायचं. त्यानं बघितलं पाहिजे बाई कशी घालवतात आणि कशी बाहेर येते. आणि वहिनी, हात तुझाच पाहिजे. तू सांगायचंस तिथं, कोणी केलं ते."

तारखेच्या दिवशी टेबलावर तीन गोष्टी होत्या. पहिला फोटो, सगळ्या रेघांचा. दुसरा फोटो, सहा बायकांचा, चेहऱ्यांसकट, आणि डाव्या कडेला एक कललेली जाळी. आणि निगेटिव्ह, एका दुधी काचेच्या पेटीवर, खाली दिवा लावलेली. वकिलानं पहिला फोटो पुस्तकाशेजारी ठेवून बघितला आणि म्हणाला की पेन्सिल कोणाचीही असू शकते, काल मारलेली असू शकते.

"माझी आहे," लालदिवा म्हणाली. "तुमच्या पुस्तकात छापलीय ती पण माझीच. पुस्तकातल्या फोटोत उजव्या कडेला हौदाच्या कठड्याची सावली तुटली आहे बघा. माझी चूक आहे ती. रंग पसरला होता. निगेटिव्हवर तो तिथंच पसरलेला होता, या पहिल्या फोटोत तिथंच तुटलंय."

अधिकाऱ्यानं भिंग मागवलं. पुस्तक बघितलं, फोटो बघितला, पुन्हा पुस्तक बघितलं. वकील काहीतरी बोलायला लागला, त्याला त्यानं हातानं थांबवलं. मग लालदिव्यानं विचारलं, काढू का. तो हो म्हणाला.

तिनं काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि डाव्या कडेवर अलगद फिरवला. कापूस करडा झाला. दुसरा कापूस पाण्याचा. तो गुलाबी झाला, मग लाल. तिसरा, चौथा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळ्याचं पांढरं, म्हणून बघणाऱ्यांना आधी उमजेना. मग पेटीवरच्या उजेडात एक स्वच्छ डगला दिसायला लागला, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, आणि पुढे धरलेले दोन हात. हात हौदात मनगटापर्यंत बुडालेले. फोटोच्या वेळीसुद्धा तिला हात बाहेर काढू दिले नव्हते.

वकिलानं पुढची तारीख मागितली. अधिकाऱ्यानं दिली नाही. त्यानं तिथंच सात नावं विचारून घेतली, मेलेल्या दोघींची सुद्धा, आणि धुलाई खात्यात स्त्रिया काम करत होत्या असं नोंदवून दवाखान्याला तसं पत्र काढायला सांगितलं. लालदिव्याचा जबाब वेगळा घेतला. तिनं चौथीच्या अक्षरात सही केली. अशी पुस्तकं अजून किती कपाटांत असतील आणि त्यांतल्या किती पांढऱ्या भिंती कोणीतरी पेन्सिलीनं केलेल्या असतील, याचा विचार तिथल्या कोणालाही करता आला असता. वकील बॅग भरत होता.

पुढच्या आठवड्यात नणंदेला छातीच्या वॉर्डात खाट मिळाली. दहा दिवसांनी ती घरी आली, रंगानं जरा उजळून, तोंडानं आधीइतकीच तिखट. लालदिव्यानं सात जणींचा पूर्ण फोटो काढून ठेवला होता, जीव लावून, चेहऱ्यांना दोन दोन सेकंद कमीजास्त करत. तिनं तो तिच्यापुढे धरला. नणंदेनं बघितला, स्वतःच्या हातांवर बोट फिरवलं आणि बाजूला ठेवून दिला.

"हा त्या चौघींना दे," ती म्हणाली. "आपल्या घरात पहिला लावायचा. रेघांचा. तू जेवायला बसतेस त्याच्या समोरच्या भिंतीवर."

"वन्सं..."

"खिळा मारतेस की मी मारू?"

लालदिव्यानं हातोडी घेतली आणि स्टुलावर चढली. नणंद खालून सांगत होती, डावीकडे घे, अजून, आता सरळ.